वॉर्डातल्या लेकरांसोबत टॅबवर खेळताना

नागपुरातल्या कोणत्याही मोठ्या हॉस्पिटलच्या मुलांच्या वॉर्डात दुपारी जा. मेडिकल असो, मेयो असो, मिहानमधलं एम्स असो की जामठ्याचं कॅन्सर हॉस्पिटल, खाटांवरची कितीतरी लेकरं बाहेरगावची असतात. गडचिरोली, गोंदिया, यवतमाळ, तिकडून छिंदवाडा, बालाघाट. सोबत आई, कपड्यांची पिशवी, पाण्याची बाटली आणि एक फोन. सकाळचा राउंड झालेला असतो, औषधं झालेली असतात, पुढचं इंजेक्शन संध्याकाळी. मधले ते तास लेकराने काय करायचं, हे केसपेपरवर कुठेच लिहिलेलं नसतं.

माझं आयुष्य बालवाडीत शिकवण्यात गेलं. निवृत्त झाल्यावर शहरातल्या एका हॉस्पिटलच्या मुलांच्या वॉर्डात दुपारी खेळायला जाऊ लागले. लेकरं मला आजी म्हणतात. पिशवीत कागद, खडू, कापडाची धुता येणारी बाहुली, दोन-चार गोष्टींची पुस्तकं आणि एक टॅब असतो. हे लिहिते आहे ते त्या टॅबबद्दल. ज्यांचं लेकरू सध्या अ‍ॅडमिट आहे अशा आईबाबांसाठी, वॉर्डात मदतीला जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी आणि ज्या सिस्टरना ड्युटी सांभाळून लेकरांसाठी काही करावंसं वाटतं त्यांच्यासाठी.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. टॅब लेकराच्या हातात देऊन आपण बाजूला झालो की लेकरू गप्प होतं. आपल्याला वाटतं, खेळतंय. खरं तर ते नुसतं पाहत असतं. खेळ सुरू होतो तो कोणीतरी शेजारी बसल्यावर आणि काय करायचं ते लेकराने ठरवल्यावर. हॉस्पिटलात त्याच्यासाठी सगळं दुसरेच ठरवतात. कधी उठायचं, काय खायचं, कोणता हात पुढे करायचा. तीन-चार वर्षांच्या लेकराला तर पुष्कळदा वाटतं की आपण काही वाईट वागलो म्हणून ही सुई. त्या वयाला बोलून सांगता येत नाही, खेळून सांगता येतं. बालहक्कांच्या 1989 च्या जागतिक करारात कलम 31 मध्ये खेळ हा मुलांचा हक्क म्हणून लिहिलेला आहे आणि भारताने तो करार 1992 मध्ये स्वीकारला. ब्रिटनमध्ये तर 1959 सालीच प्लॅट समितीने सांगितलं होतं की आजारी मुलांजवळ आईवडिलांना येऊ द्या, त्यांच्या खेळाची सोय करा. तिथे वॉर्डात खेळासाठी शिकलेली वेगळी माणसं नेमतात. आपल्याकडे असं पद क्वचितच दिसतं, म्हणून हे काम आई, मावशी, सिस्टर आणि माझ्यासारख्यांवर येतं.

टॅब कशासाठी हेही स्पष्ट असू द्या. मातीत, वाळूत, पाण्यात खेळता आलं तर ते केव्हाही चांगलं. पण कॅन्सरच्या उपचारात पांढऱ्या पेशी खाली आलेल्या लेकराला माती चालत नाही, केसाळ खेळणी चालत नाहीत. सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या दुखण्यात खडू धरून दाबायचा म्हटला तरी बोटं दुखतात, आणि आपल्या विदर्भात सिकलसेलची लेकरं काही कमी नाहीत. पाय ट्रॅक्शनला, म्हणजे ताण देऊन, बांधलेलं लेकरू खाटेवरून उतरू शकत नाही. अशा ठिकाणी काचेवर नुसतं बोट फिरवून रंग उमटतो, ही फार मोठी सोय आहे.

आधी सिस्टरकडे

वॉर्डात शिरलं की पहिल्यांदा इन्चार्ज सिस्टरला भेटायचं. आज कोणाजवळ जायचं नाही, हे विचारायचं. कोणाला फीट येते ते विचारायचं, कारण लुकलुकणारं, भराभर रंग बदलणारं चित्र अशा लेकराला त्रासाचं ठरू शकतं. आणि कोणाला ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलं आहे हे विसरू नका. सकाळपासून पोटात काही नसलेल्या चार वर्षांच्या लेकरासमोर केक बनवण्याचं अ‍ॅप उघडणं हा छळ आहे. डोक्याला मार लागलेलं, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं किंवा उलट्या होत असलेलं लेकरू असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय टॅब काढायचाच नाही. केमोनंतर मळमळत असताना हलती चित्रं पाहून मळमळ वाढते.

सफाईत तडजोड नाही. टॅब एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातो आणि जंतूही त्याच्यासोबत जाऊ शकतात. म्हणून कव्हर गुळगुळीत रबराचं घ्या. कान, शेपट्या, खाचा असलेली कव्हरं बाजारात गोड दिसतात, पण खाचेत बसलेला मळ निघत नाही. वर पारदर्शक झिपची पिशवी असली तर उत्तम, तिच्यातूनही बोट चालतं. प्रत्येक लेकरानंतर टॅब बंद करून 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाइपने पुढून, मागून, कडांवरून पुसायचा आणि आपोआप वाळू द्यायचा. फुंकर घालायची नाही, पदराने पुसायचा नाही, काचेवर थेट फवारा मारायचा नाही. खेळायच्या आधी आणि नंतर लेकराचे हात धुवायचे, आपलेही. काही प्रकारच्या जुलाबांचे जंतू अल्कोहोलने मरत नाहीत, म्हणून आयसोलेशनच्या खाटेवर टॅब न्यायचा की नाही हे सिस्टरच ठरवतील. तिथे कागद आणि एक खडू द्या, तो त्या लेकराचाच राहतो. हेडफोन एकाचे दुसऱ्याला देऊ नका.

चार्जिंग घरूनच पूर्ण करून आणा. वॉर्डातले प्लग पंपाचे, मॉनिटरचे, वाफेच्या मशीनचे असतात. त्यातलं काही काढून आपला चार्जर लावायचा विचारही करू नका. आणि खाटेवर, उशीखाली, ऑक्सिजन चालू असलेल्या लेकराशेजारी टॅब चार्जिंगला लावायचा नाही.

एक नागपूरपुरती सूचना. मे महिन्यात खिडकीजवळच्या खाटेवर टॅब ठेवला की थोड्याच वेळात तो तापतो आणि स्वतःहून बंद पडतो. लेकराला वाटतं, माझ्यामुळे बिघडला. तेव्हा उन्हाच्या कवडशात ठेवू नका. कूलर चालू असताना आवाजाचे खेळही निवडू नका. कूलरच्या वर आवाज जावा म्हणून आपण वाढवत नेतो आणि शेजारच्या खाटेवरचं झोपलेलं लेकरू दचकून उठतं.

टॅब घरीच तयार करा

वॉर्डात नेट मिळेल असं धरू नका. लागेल ते घरी डाउनलोड करा आणि वॉर्डात फ्लाइट मोड लावा. त्याने जाहिराती येत नाहीत, मेसेजचा टिंग वाजत नाही, आणि लेकरू रंगात असताना वर आजोबांचा व्हिडिओ कॉल टपकत नाही.

दुसरं, लेकराला एकाच अ‍ॅपमध्ये ठेवायची सोय. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये सिक्युरिटीखाली 'अ‍ॅप पिनिंग' असतं. ते चालू केलं की उघडलेलं अ‍ॅप जागीच टाचून ठेवता येतं आणि पिन टाकल्याशिवाय बाहेर पडता येणार नाही असंही करता येतं. आयपॅडवर अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये 'गायडेड अ‍ॅक्सेस' आहे. अ‍ॅप उघडून वरचं किंवा होमचं बटण लागोपाठ तीनदा दाबायचं. त्यात आणखी एक सोय आहे जी मला फार उपयोगी पडते. स्क्रीनच्या ज्या भागाला बोट लागू नये त्याभोवती गोल काढला की तेवढा भाग बंद होतो. 'सगळं पुसा' हे बटण मी असंच झाकून टाकते. सलाईन लावलेल्या हाताचा धक्का लागून लेकराचं अर्धं चित्र पुसलं गेलं तर ते पुन्हा काढत नाही.

टॅब शक्यतो आठ इंची घ्या. दहा इंची साधारण अर्धा किलोचा भरतो आणि अशक्त लेकराच्या मांडीवर तो जड होतो. हातात धरायला लावूच नका. घडीचा स्टँड किंवा घट्ट उशी पुरते. ज्या हाताला सुई आणि पुठ्ठ्याची पट्टी बांधलेली आहे त्याच्या विरुद्ध बाजूला टॅब ठेवा, नाहीतर लेकरू नकळत तोच हात पुढे नेतं, नळी ओढली जाते आणि पुन्हा नवी सुई.

कोणती अ‍ॅप

कोणतंही अ‍ॅप वॉर्डात नेण्याआधी मी ते घरी स्वतः खेळून पाहते. माझ्या अटी कडक आहेत. त्यात हरणं नको, गुण नकोत, पळतं घड्याळ नको. चुकलं की 'टॅंऽऽ' असा आवाज नको. जाहिरात, 'विकत घ्या' यातलं काही नको. एका बोटाने चालावं. आणि मधेच सोडता यावं, कारण एक्स-रेला न्यायला वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला की तो पाचवी पातळी संपायची वाट पाहणार नाही.

या अटींत बसणारी थोडीच उरतात. टक्स पेंट हे चित्रांचं अ‍ॅप मोफत आहे, नेट लागत नाही. रंग, शिक्के, इंद्रधनुष्य ओढणारा ब्रश, सगळं आहे आणि भाषा कळण्याची गरज नाही. गोंडी बोलणाऱ्या लेकरासोबत मी याच्यावरच सुरुवात करते, कारण तिथे बोट हीच भाषा. जीकॉम्प्री हेही मोफत, दोन ते दहा वर्षांसाठी, त्यात शंभरावर छोटे खेळ आहेत. सगळे दाखवू नका. पडदा पुसला की खालचं चित्र दिसतं तो खेळ अगदी लहानग्यांना पुरे होतो. खान अकॅडमी किड्स मोफत आहे, जाहिराती नाहीत, पण त्यातलं बोलणं इंग्रजी आहे. मी आवाज बंद करून त्यातली चित्रं, रंगकाम आणि प्राणी वापरते आणि गोष्ट आमची आम्ही रचतो. टोका बोका आणि सागो मिनी यांचे खेळ छान आहेत, गुण नाहीत, घाई नाही. पण पुष्कळसे पैसे भरून घ्यावे लागतात, तेव्हा एखादाच घ्या.

गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर आहे. 2015 पासून चालू आहे, मोफत आहे, मराठी-हिंदीत भरपूर पुस्तकं आहेत आणि गोंडीतल्याही काही गोष्टी आहेत. आधी उतरवून ठेवा. गोष्ट मात्र आपल्या तोंडाने सांगायची. टॅबवर फक्त चित्र ठेवायचं, आणि पान उलटायचं काम लेकराचं.

आणि माझ्या मते वॉर्डासाठी सगळ्यात गुणी अ‍ॅप म्हणजे टॅबचा साधा कॅमेरा आणि आवाज रेकॉर्ड करायची सोय. खाटेवरून न उतरणारं लेकरू आईला सांगू शकतं, 'जा, कबुतराचा फोटो घेऊन ये.' आई खिडकीपर्यंत जाते, फोटो काढते, परत येते, आणि लेकरू म्हणतं, 'हे नाही, ते दुसरं.' पुन्हा जाते. इथे कोण कोणाला हुकूम देतंय ते पाहा.

यूट्यूब मी ठेवत नाही. त्यावरची गाणी वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. पण एकामागून एक आपोआप लागत जातं आणि लेकराला थांबायची जागा मिळत नाही.

वयाचं विसरू नका. दोन वर्षांखालच्या लेकराला स्क्रीन नको, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. गावाकडच्या आजीशी अधूनमधून व्हिडिओ कॉल तेवढा चालेल. दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी तर आणखी चांगलं. या तासात आईच्या फोनवरचंही धरायचं. म्हणून मी एका बैठकीला पंधरा-वीस मिनिटांच्या पुढे जात नाही. तान्ह्यांसाठी माझ्या पिशवीत कापडाची बाहुली आणि गळ्यात गाणी आहेत, त्यांना टॅब लागतच नाही.

शेजारी बसायचं म्हणजे काय

उभं राहून बोलू नका. वॉर्डात उभं राहून येणारं प्रत्येक माणूस काहीतरी टोचतं किंवा तपासतं. स्टूल ओढून लेकराच्या डोळ्यांच्या पातळीला बसा. टॅब दाखवा आणि विचारा, 'खेळायचं का?'

नाही म्हटलं तर नाही. हे मनापासून मान्य करा. एक सहा वर्षांची मुलगी होती, भंडाऱ्याकडची. मी जवळ गेले की तोंड भिंतीकडे वळवायची आणि म्हणायची, 'मले नाई पाह्यजे.' तिची आई संकोचून म्हणे, 'असं नाई बोलू बेटा, आजी आल्या ना.' मी आईला म्हटलं, 'राहू द्या. दिवसभरात तिचं नाही एवढ्या एकाच ठिकाणी चालतं, ते चालू द्या.' मी रोज विचारायची, ती नाही म्हणायची, मी 'बरं' म्हणून पुढच्या खाटेवर जायची. मग एक दिवस मी शेजारच्या खाटेवर एका मुलासोबत मासा काढत होते तर मागून आवाज आला, 'त्याले डोळा नाई काढला.' मी टॅब तिच्याकडे वळवला. तिने डोळा काढला. मग आणखी एक काढला. मग त्या माशाला इतके डोळे झाले की मुलगा ओरडला, 'माहा मासा आहे तो!' आणि दोघं भांडायला लागली. वॉर्डात दोन लेकरं खेळावरून भांडतात तेव्हा मला बरं वाटतं, आजाराआधी घरी ती अशीच भांडत असणार.

बसल्यावर शिकवायला लागू नका. आपल्या सगळ्यांची सवय आहे ती. 'हा कोणता रंग? इंग्रजीत काय म्हणतात? असा नाही, असा गोल काढ.' बाबा लोक तर हमखास बोट घालून स्वतःच चित्र पूर्ण करतात. हात मांडीवर ठेवा. दिसतंय ते नुसतं बोला, 'अरे, तू सगळं काळं केलंस.' आणि थांबा. पुष्कळदा पुढचं वाक्य लेकराकडून येतं, आणि ते ऐकण्यासारखं असतं. एकाने सगळं काळं करून सांगितलं, 'रात्र आहे. बाबा बाहेर झोपले.' बाबा खरोखरच वॉर्डाबाहेर व्हरांड्यात झोपत होते, कारण आत एकालाच परवानगी होती. मी ते सिस्टरला सांगितलं, आणि संध्याकाळी बाबांना थोडा वेळ आत बसू दिलं.

टॅबवरचं टॅबवरच राहू देऊ नका. सिस्टरकडून सुई नसलेली नवी सिरिंज मागून घ्या, थोडी पट्टी घ्या. बाहुलीला लेकराने सलाईन लावायचं, त्याचा फोटो काढायचा, फोटोवर रंग भरायचा आणि बाहुली काय म्हणते ते रेकॉर्ड करायचं. बाहुल्या फार मोकळं बोलतात. 'कायले टोचून राहिले मले?' हे वाक्य मी बाहुलीच्या तोंडून कितीदा तरी ऐकलं आहे. त्याला उत्तर द्यायचं, तेही बाहुलीलाच, आणि खरं द्यायचं.

सिकलसेल, थॅलेसेमिया, कॅन्सर यांची लेकरं पुन्हा पुन्हा येतात. त्यांची कामं जपून ठेवा. मी प्रत्येकाचा वेगळा फोल्डर करते आणि त्याला नाव देत नाही, लेकराने निवडलेलं चित्र देते: बैल, छत्री, मेट्रो. महिन्याने आलं की ते आधी स्वतःचा फोल्डर शोधतं.

सुई टोचायच्या वेळी

इथे टॅबचा उपयोग होतो, पण काही पथ्यं पाळायची. पहिलं म्हणजे खोटं बोलायचं नाही. 'काही नाही करणार' असं म्हणून टॅब दाखवायचा आणि मागून सुई, हे एकदा झालं की लेकरू आपल्यावरही विश्वास ठेवत नाही आणि टॅबवरही. 'थोडं दुखेल, लवकर संपेल, मी इथेच आहे' एवढं पुरे. तीन वर्षांच्या लेकराला ते दोन मिनिटं आधी सांगा, सहा वर्षांच्याला आणखी थोडं आधी.

दुसरं, सुईच्या वेळीच फक्त टॅब काढू नका. तसं केलं तर टॅब दिसला की लेकरू रडायला लागतं. आधी दोन-तीन दिवस नुसतं खेळणं झालेलं असावं.

तिसरं, जागा. सिस्टर ज्या हाताशी काम करते त्याच्या समोरच्या बाजूला, लेकराच्या डोक्याजवळ बसा. मोकळा हात टॅबवर. सामान उघडायच्या आधीच खेळ सुरू करा. बुडबुडे फोडण्याचा किंवा पियानोचा साधा खेळ घ्या, जिथे बोट लावलं की लगेच काहीतरी होतं. त्या वेळी नुसता व्हिडिओ फारसा धरून ठेवत नाही, बोटाला काम हवं. बोलणारं माणूस एकच असावं. एकीकडून आई, एकीकडून मावशी, वरून आपण, असा गलबला झाला की लेकरू घाबरतं. आणि ज्याला सुई पाहायचीच आहे त्याला पाहू द्या. काही लेकरांना पाहिल्यानेच धीर येतो. 'तिकडे नको पाहू' असं म्हणून तोंड वळवू नका.

शक्य असेल तिथे सिस्टरना विनंती करा की सुई ड्रेसिंग रूममध्ये टोचावी, खाटेवर नको. खाट ही निर्धास्त झोपायची आणि खेळायची जागा राहिली पाहिजे.

तान्ह्या पोळ्याचं आम्ही काय करतो

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. नागपूरचं लेकरू त्या दिवशी लाकडी बैल सजवून घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतं. त्याच सुमारास पावसाळी तापाची, डेंग्यूची लेकरं येऊन वॉर्ड भरलेला असतो. सगळ्यांना बाहेरून आलेले बैल हाताळू देता येत नाहीत. म्हणून मी घरचा लाकडी बैल चारही बाजूंनी फोटो काढून नेते. प्रत्येक लेकराला त्या फोटोची एक प्रत, आणि टक्स पेंटसारख्या चित्राच्या अ‍ॅपमध्ये आपापला बैल सजवायचा. झूल, बेगड, शिंगांचे रंग. एकाने बैलाच्या पायाला पट्टी बांधली, स्वतःच्या पायाला होती तशीच. घुंगराचा आवाज हवा म्हणून एक आई स्टीलच्या गिलासात चमचा हलवते, तो रेकॉर्ड करायचा. मग सगळे बैल एकामागून एक लावून मी टॅब हातात धरून खाटांमधून चालते आणि गिलासाचा आवाज चालू ठेवते. लेकरं खाटेवरूनच 'हा माहा, हा माहा' म्हणतात. बोजारा म्हणून कागदाचं नाणं, आणि खाण्याचं काही द्यायचं तर डॉक्टरांना विचारून.

त्याच दिवशी शहरात मारबत निघते, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. 1880 च्या दशकापासून काळी आणि पिवळी मारबत मिरवते, आणि लोक ओरडतात, रोगराई घेऊन जा गे मारबत. हे नागपूरच्या लेकरांना कोणी शिकवावं लागत नाही. आम्ही टॅबवर मारबत काढतो, अक्राळविक्राळ, वाटेल तशी, आणि मग प्रत्येकाने सांगायचं, तिने काय घेऊन जायचं. मी रेकॉर्ड करते. 'सुया घेऊन जा गे मारबत!' 'कडू औषध घेऊन जा गे मारबत!' 'माहा ताप घेऊन जा!' एक पाच वर्षांची मुलगी बराच वेळ विचार करून म्हणाली, 'आईचं रडणं घेऊन जा गे मारबत.' शेवटी सगळी मिळून मारबतीचं चित्र रबराने पुसून टाकतात, ज्याला जेवढं बोट पोचेल तेवढं. रागाला वाट हवी असते, आणि हा आपल्याच गावचा सण ती देतो. तुम्ही ज्या भागातले असाल तिथला सण घ्या.

थांबताना

'आता बस' म्हणून टॅब हिसकावला तर रडारड ठरलेलीच. सुरू करतानाच शेवट सांगायचा: 'तीन चित्रं, मग टॅब झोपणार.' दोन झाली की आठवण द्यायची. तिसरं झाल्यावर बंद करायचं बटण लेकरालाच दाबू द्यायचं आणि पुसण्याचं कामही त्याच्यासमोर करायचं. पुष्कळांना वाइपने कडा दाखवून द्यायला आवडतं. लगेच हातात दुसरं काही द्या, नाहीतर मोकळा हात नळीकडे जातो. संध्याकाळी, झोपेच्या तासभर आधीपासून टॅब नको.

फोटोंचं भान ठेवा. मागच्या खाटेवरचं लेकरू फोटोत येता कामा नये, केसपेपर दिसता कामा नये. आईबाबांना विचारल्याशिवाय फोटो नाही, आणि कुठल्याही ग्रुपवर, स्टेटसवर वॉर्डातल्या लेकराचा चेहरा टाकायचा नाही, मग हेतू कितीही चांगला असो. सुटी झाली की चित्रं आणि आवाज आईच्या फोनवर पाठवा. लेकरू पुन्हा येणार नसेल तर आपल्याकडचा फोल्डर तिच्यासमोरच काढून टाका.

टॅब नसेल तर अडून बसू नका, वॉर्डात जवळपास प्रत्येक आईजवळ असलेला फोन चालेल. फ्लाइट मोड लावा, एकच अ‍ॅप पिन करा, काच पुसा. फोनचा पडदा लहान, म्हणून चित्रं काढण्याऐवजी फोटो आणि आवाज यांवर भर द्या: वॉर्डातले आवाज गोळा करायचे, ट्रॉलीचं चाक, नळाचं पाणी, सिस्टरची चप्पल, आणि शेजारच्या लेकराने ओळखायचे. तेही नको असेल तर टॉर्च लावून भिंतीवर हाताच्या सावल्या करा, सुई नसलेल्या हाताच्या. उजेड कोणाच्या डोळ्यांवर जाऊ देऊ नका, आणि पलीकडच्या खाटेवर कोणी झोपलेलं नाही ना, ते आधी पाहून घ्या.